विक्रांतने कराची जाळली का? (मुलीच्या तक्त्यासाठी विचारतोय)

परळकर_बाबा
मुलगी सातवीत आहे. नौदल दिनाचा तक्ता करायचाय. रविवारी बसून थर्मोकोलची दोन फुटी विक्रांत (आपलं जुनं विमानवाहू जहाज) कापली, समोर कराची बंदर, त्याला लाल-पिवळ्या जिलेटीनच्या ज्वाळा. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर वरच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "विक्रांत तिथे नव्हतीच." माझे मामा मात्र छातीठोक सांगतात की ती दुसऱ्या महायुद्धात लढलेली बोट, ७१ला कराचीही तिनेच उडवली. तक्ता शुक्रवारी द्यायचाय. खरं काय?

गिरगाव_चौपाटी
वरच्या मजल्यावरचे काका बरोबर. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर. तिन्ही रशियन बनावटीच्या मिसाइल बोटी. सोबत किल्टन आणि कच्छल या युद्धनौका. विक्रांत बंगालच्या उपसागरात होती.

निवृत्त_फिटर
मी १९७४ला नौदल गोदीत अप्रेंटिस लागलो, बॉयलरच्या कामावर. युद्ध होऊन तीन वर्षं झालेली, पण जेवणाच्या सुट्टीत विषय तोच. त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी मामांचं महायुद्ध. विक्रांत म्हणजे मूळची इंग्रजांची हर्क्युलिस. १९४५ला पाण्यात उतरली, पण पुरी व्हायच्या आत युद्ध संपलं आणि ती तशीच अर्धवट पडून राहिली. आपण विकत घेऊन पूर्ण करून घेतली, १९६१ला नौदलात आली. महायुद्धात तिच्यावरून एक गोळी सुटलेली नाही.

आता ७१. तिच्या चार बॉयलरपैकी एकाच्या पाण्याच्या ड्रमला तडे गेले होते. बॉयलरच्या ड्रममध्ये माणूस आडवा होऊन शिरतो. शिरण्याआधी खिसे उलटे करून दाखवायचे, कारण चार आण्याचं नाणं जरी नळीत गेलं तरी पुढे बॉम्ब. असल्या ठिकाणचा तडा वेल्डिंग मारून मिटत नाही. तो बॉयलर बंद ठेवून तिघांवर जहाज चालवलं. वाफ कमी म्हणजे वेग कमी. विमान उडवायला जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात हाकावं लागतं, आणि विमान फेकणारं कॅटपल्टही त्याच वाफेवर. लंगड्या पायाने धावायला सांगण्यातला प्रकार. तरी तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार झोडपलं. माझ्या लेखी कराचीपेक्षा ही गोष्ट मोठी, पण फॉरवर्डमध्ये ती कधीच नसते.

पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिलाच शोधायला विशाखापट्टणमला आली होती. विक्रांत तेव्हा अंदमानकडे. गाझी तिथेच बुडाली. आपण म्हणतो आपल्या राजपूत युद्धनौकेने बुडवली, ते म्हणतात आतल्या स्फोटाने किंवा सुरुंगाने.

मिसाइल बोटींची गंमत वेगळीच. रशियातून जहाजाच्या डेकवर लादून त्या कलकत्त्याला उतरवल्या, कारण एवढं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. तिथून ओढत मुंबईला आणल्या. बोट जेमतेम दोनशे टनांची, बंदराच्या राखणीसाठी बनवलेली, इंधन पुरायचं नाही लांबच्या पल्ल्याला. तिला दुसऱ्याच्या दारात न्यायची कल्पना ज्याची, त्याला सलाम. प्रत्येकीवर चार मिसाइलं, पल्ला साधारण चाळीस किलोमीटर.

गिरगाव_चौपाटी
भर घालतो. निर्घातने खैबर ही विनाशिका बुडवली. खैबरवाल्यांना शेवटपर्यंत वाटलं विमानाने हल्ला केला, तसा संदेशही त्यांनी पाठवला. म्हणजे पहिली अफवा त्याच रात्री, बुडणाऱ्या जहाजावरून!

दारूखाना_डायरी
आमच्या बाजूलाच २०१४ला विक्रांत तोडली. त्याआधी म्युझियम होती तेव्हा शाळेची सहल गेली होती, डेकवर सी हॉक विमान पाहिलं, उभ्या शिडीवरून उतरताना माझी चप्पल खाली पडली. मामांना एवढंच सांगा, कोचीची नवी विक्रांत ही जुनी रंगवलेली नाही. आमच्या घरात हाही वाद झालाय.

परळकर_बाबा
सर्वांचे आभार. फिटरकाका, मामांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. म्हणाले, "तेलाच्या टाक्या तर जळल्या ना?"

निवृत्त_फिटर
जळल्या की. ८ तारखेच्या रात्री विनाश या एकट्या मिसाइल बोटीचं एक मिसाइल कराची बंदरातल्या केमारीच्या टाक्यांवर पडलं. त्याआधी वायुदलानेही कराची सोडली नव्हती. जळल्या, पण विक्रांतने नाही.

परळकर_बाबा
मुलीने काडेपेट्यांच्या तीन बोटी केल्यात, ज्वाळा तशाच ठेवल्यात. विक्रांत कुठे लावू?

निवृत्त_फिटर
नकाशाच्या उजव्या टोकाला, चितगावच्या खाली. आणि काडेपेटी लहान पडते रे. विक्रांत सातशे फूट, मिसाइल बोट सव्वाशेच्या आसपास. तुझी विक्रांत दोन फूट असेल तर बोट सव्वाचार इंच हवी. दोन काडेपेट्या लांबीला जोडून घ्या.