गोकर्णाचा रंग आणि वहीतला पूल
कुंडीतली झाडं बघून चित्रं सुचतात, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. माझ्या गॅलरीत गोकर्ण आहे. चार फुलं गरम पाण्यात टाकली की गडद निळा रंग उतरतो. लिंबू पिळलं की तोच जांभळा-गुलाबी होतो. त्याने चित्र रंगवता येतं. उन्हात विटतो मात्र, म्हणून वहीतच बरा.

मैत्रिणींबरोबर चित्रं काढायला बाहेर जायचं तर पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतंच, पण त्या गर्दीत चित्र काय काढणार! त्यापेक्षा सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान गाठा. जपानच्या ओकायामातल्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे. तिथला एकच पूल सगळ्यांनी काढा आणि वह्या शेजारी ठेवून बघा. आमच्यातली एक तर पूल सोडून नुसते मासेच काढते.