मदत हवी आहे: उंची कमी, पोट पुढे, शर्ट-पँट शिवताना काय सांगू?

उंची ५ फूट ४ इंच, छाती ४०, पोट ४३, खांदे १७ इंच. रेडीमेड ४२ घेतला की खांद्याची शिवण दंडावर उतरते, ४० घेतला की पोटावरची बटणं ताणतात. स्लिम फिट तर बसल्यावर उघडाच पडतो. एक ४२चा शर्ट बाजूंनी दाबून आणला, पण खांदा तसाच राहिला. खांदा कमी करायचा तर बाही उसवून परत बसवावी लागते, आणि ते काम नीट करणारा टेलर मला अजून मिळालेला नाही.

पँट पोटाखाली बांधतो. त्यामुळे शर्ट सारखा सुटतो आणि पाय आहेत त्याहून आखूड दिसतात. बेंबीपर्यंत चढवली तर बरं दिसतं, पण रेडीमेडमध्ये तेवढी उंच कंबर मिळत नाही.

म्हणून आता हिंदमाताला (दादरचा कापडबाजार) कापड घेऊन शिवूनच घ्यायचं ठरवलंय. ऑफिसात शर्ट इन करावाच लागतो. रोज डोंबिवली ते दादर लोकल, त्यामुळे पॉलिएस्टर नको (घामाने अंगाला चिकटतं) आणि लिनन उतरेपर्यंत चुरगळतं. सुती चालेल. शिलाई धरून एका शर्टाला १५०० पर्यंत. डाएट, व्यायाम चालू आहे, त्यावर सल्ला नको.

अशाच बांध्याच्या कुणी शिवून घेतलं असेल तर सांगा: पोटावर किती इंच सैल ठेवायला सांगू? आणि पँटला पुढे प्लीट (कंबरेखालची चुणी) घ्यावी की सपाटच बरी दिसते?