डी भाषेत फील्डवर लावलेलं ॲट्रिब्यूट कंपाईल होतानाच कसं वाचायचं? (जिनिंगच्या काटापट्टीसाठी)

कपाशीवाला_राळेगाव
नमस्कार मंडळी. मोबाईलवरून टाकतोय, म्हणून कोडचे शब्द बोलतो तसेच लिहिले आहेत, सांभाळून घ्या.

आमच्याकडच्या एका जिनिंगसाठी काट्याचा छोटा प्रोग्राम मी डी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, कापूस खाली होतो, रिकामा परत चढतो, मग ओलावा, दर, हमाली लागून पावती निघते. तीन हंगाम बिनबोभाट चाललं. यंदा 'ओलावा कपात' असा रकाना मधातच घालायला सांगितला. काटापट्टी नावाच्या स्ट्रक्टमध्ये (पावतीच्या रकान्यांचा साचा) फील्ड (म्हणजे रकाना) घातलं, पण छापायची नावं मी वेगळ्या यादीत ओळीने लिहून ठेवली होती, तिथे घालायचं राहिलं. पुढची सगळी नावं एकेक घर सरकली. यादीच्या शेवटी कधीकाळचा 'शेरा' उगाच पडून होता. आणि यादी संपली की छपाई तिथेच थांबते, त्यामुळे प्रोग्राम अडलाही नाही.

एका काकांच्या पावतीवर कपातीचे 1,340 रुपये 'हमाली' म्हणून छापून आले. काका काट्यावरून हलेनात. "तेराशे चाळीस हमाली? म्या काय गावभराचे हमाल आनले का बाप्पा?" मागे ट्रॅक्टरची रांग, हॉर्नवर हॉर्न. शेवटी पावती पेनाने दुरुस्त करून दिली. शिव्या अर्थातच मला.

आता प्रत्येक फील्डच्या डोक्यावरच त्याचं छापायचं नाव लिहायचं ठरवलंय. डी मध्ये आपलं स्वतःचं ॲट्रिब्यूट (फील्डला चिकटवायची चिठ्ठी, यूडीए म्हणतात ते) लावता येतं, ते 'छापा' नावाने लावलंही. पण पावतीच्या टपलऑफवर (सगळ्या फील्डची रांग) फोरईच लूप फिरवून ट्रेट्सच्या (कंपायलरला प्रश्न विचारायची सोय) गेटॲट्रिब्यूट्सला विचारलं, तर दरवेळी रिकामं हाती येतं. चुकतंय काय? आणि डी सोडून दुसरीकडे जावं का? मशीन 4 जीबी रॅमचं, विंडोजवालं. एकच एक्झी पेन ड्राइव्हवर नेऊन टाकावी लागते. लाईन गेली की नेटही जातं.

संत्रापट्टा_वरूड
भाऊ, सी शार्प घे न! मी व्यापाऱ्याइचं संत्र्याचं बिल त्यातच करून रायलो. ॲट्रिब्यूट लावाचं, चालू प्रोग्राममधून गेटकस्टमॲट्रिब्यूट म्हनाचं, नाव हातात. इतका जीव कायले काढून रायला?

कपाशीवाला_राळेगाव
दादा, ते चालू झाल्यावर वाचणं झालं. मला चूक घरी, कंपाईल करताना (एक्झी बनवतानाच) कळायला हवी. काट्यावर काकांच्या पुढे नाही.

संत्रापट्टा_वरूड
हाव, ते बी बराबर हाय. मंग सी शार्पमंदी सोर्स जनरेटर (कंपाईल होतांनाच कोड लिहून देनारा) लिहा लागते, डॉटनेट 5 पासून आहे ते. पन त्याचं वेगळं प्रोजेक्ट मांडा लागते. म्या एकदा मांडलं अन सोडून देल्लं, खोटं कायले बोलू.

धागेदोरे_पुसद (सध्या पुण्यात)
डी सोडू नकोस. तुझी भाषा बरोबर आहे, फक्त विचारणा चुकीच्या वस्तूला होते आहे.

तू जिनिंगवालाच, तुझ्याच भाषेत सांगतो. गठाणीवर लॉट नंबर असतो. गठाणीतून मूठभर रुई काढून हातात घेतली आणि त्या रुईवर नंबर शोधला, तर सापडेल का? नंबर गठाणीवर आहे. तुझ्या लूपमध्ये नेमकं तेच होतंय. पावती नावाच्या व्हेरिएबलच्या टपलऑफवर फोरईच फिरवलंस की प्रत्येक फेरीत मिळणारा 'व' हा नवा, लूपपुरता लोकल व्हेरिएबल असतो. त्यात किंमत आली, ॲट्रिब्यूट आलं नाही. ॲट्रिब्यूट स्ट्रक्टमधल्या मूळ फील्डला चिकटलेलं आहे.

म्हणून लूप तसाच ठेव, पण 'व' सोबत क्रमांक 'आय' सुद्धा घे, आणि गेटॲट्रिब्यूट्सला 'व' देऊ नकोस. काटापट्टी या टाइपच्या टपलऑफमधला आयवा घटक दे. टपलवरचं फोरईच कंपायलर उलगडून टाकतो, एकामागे एक तेवढे तुकडे लिहिल्यासारखं. त्यामुळे 'आय' तिथे कंपाईल होतानाच ठाऊक असतो आणि चौकटी कंसात बिनधास्त चालतो. किंमत 'व' मधून, नाव टाइपमधून.

थेट गेटॲट्रिब्यूट्स वापरलंस तर त्या फील्डवरची सगळी ॲट्रिब्यूट्स एका झुबक्यात येतात. डी च्या तयार लायब्ररीतल्या एसटीडी डॉट ट्रेट्समध्ये हॅजयूडीए आणि गेटयूडीएज आहेत, ते वापर. पहिलं आहे-नाही सांगतं, दुसरं फक्त तुला हवी त्या जातीची काढून देतं.

जुनाकाटा
एवढ्याशा पावतीसाठी इतका खटाटोप? नावं एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहा, 'फील्ड बरोबर नाव' अशी. मालकाला 'हमाली' चं 'हमाली व तोलाई' करायचं झालं तर तो नोटपॅडमध्ये करेल, तुम्हाला फोन येणार नाही. मी अशी दहा दुकानं चालवतो.

धागेदोरे_पुसद
काका, नाव बदलण्यापुरतं तुमचं पटतं. पण फाईलमध्ये एखादं नाव नसलं तर ते कळणार कधी? पावती निघताना. ह्याचं दुखणं तेच आहे.

सरकी_हिंगणघाट
मला दोन्ही पटतं, पण इथे धागेदोरे दादांच्या बाजूने. फक्त त्यांनी अर्धंच सांगितलं. नाव वाचता येणं ही सोय झाली. नाव नसेल तर एक्झी बनूच नये, त्यात तुमचा खरा फायदा आहे.

प्रत्येक फील्डसाठी हॅजयूडीए तपासा आणि नसेल तर स्टॅटिक असर्टने (कंपाईल होतानाच तपासली जाणारी अट) कंपाईल पाडा. निरोपात फील्डचं नाव येऊ द्या. ट्रेट्समध्ये आयडेंटिफायर म्हटलं की नाव मजकूर म्हणून मिळतं, ते जोडून "अमुक फील्डला छापा नाही" असं वाक्य तयार होतं. हे सगळं कंपाईल होतानाच घडतं. तपासणीचं ओझं एक्झीमध्ये जात नाही, ॲट्रिब्यूटही तुम्ही वापरलं तेवढंच पोचतं.

आता खड्डा सांगते, मी स्वतः पडले आहे. ही तपासणी टेम्प्लेटमध्ये (टाइप देऊन बोलवायचा कोडचा साचा) लिहिली आणि ते टेम्प्लेट कुणी बोलावलंच नाही, तर डी त्याच्या आत डोकावतही नाही. तुम्हाला वाटतं सगळं पास झालं, आणि तपासणी झालेलीच नसते. माझ्या तशा तपासणीखाली पंधरा दिवस चुकीचा स्ट्रक्ट सुखाने नांदला. म्हणून स्ट्रक्ट संपतो त्याच्या लगेच खालच्या ओळीत, फाईलच्या पातळीवरच, काटापट्टी देऊन ती तपासणी बोलवा. आणि एकदा मुद्दाम एका फील्डचं ॲट्रिब्यूट काढून कंपाईल पडतं का ते बघाच.

दुसऱ्या भाषांचं विचारलंत म्हणून: रस्टमध्ये होतं, पण डिराइव्ह मॅक्रोसाठी (कोड लिहून देणारा कोड) वेगळं क्रेट, म्हणजे पॅकेज, लागतं आणि मॅक्रोला दिसतात ती नुसती टोकन्स, म्हणजे कोडचे सुटे शब्द, फील्डचा टाइप खरोखर कोणता, हे तिथे कळत नाही. जावात ॲनोटेशन प्रोसेसर 2006 पासूनच्या जावा 6 पासून आहे, पण त्याच्या रीतीप्रमाणे तो नवीन फाईल लिहितो, तुमच्या क्लासला हात लावत नाही. सी प्लस प्लसमध्ये अनोळखी ॲट्रिब्यूट कंपायलर सोडून देतो. ते वाचायची सोय सी प्लस प्लस 26 च्या रिफ्लेक्शनमधून (प्रोग्रामने स्वतःचीच रचना वाचणं) येते आहे. तीन पावत्यांच्या प्रोग्रामसाठी यातलं काही नको. डी मध्ये तपासणी त्याच फाईलमध्ये, त्याच भाषेत, सात-आठ ओळींत होते.

कपाशीवाला_राळेगाव
ताई, दादा, दोघांचे आभार. गठाणीचं उदाहरण डोक्यात फिट बसलं. रात्री बसलो, नावं यायला लागली.

पण दोन नव्या भानगडी. एक, रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनावर नुसतं ॲट्रिब्यूट लावलं, कंसात नाव द्यायचं विसरलो. हॅजयूडीए "आहे" म्हणतं, आणि पुढे त्यातलं नाव काढायला गेलो की कंपायलर भलतंच इंग्रजी ओकतो. दोन, नावं दाखवायला प्रॅग्मा मेसेज (कंपाईल होताना निरोप छापणारा) लावला तर काळ्या खिडकीत मराठीचा पार चिवडा.

धागेदोरे_पुसद
पहिलं: कंस न देता लावलंस की ॲट्रिब्यूट म्हणून स्ट्रक्टचा टाइपच चिकटतो, त्याची भरलेली किंमत नाही. हॅजयूडीएला दोन्ही चालतात, म्हणून ते हो म्हणालं. गेटयूडीएजने मात्र हातात टाइप दिला, आणि टाइपकडे कुठलं नाव? कोरी पावती बुकात आहे, पण भरलेली नाही, तसं. तपासणीत अजून एक अट घाल: मिळालेली गोष्ट टाइप असेल तर "कंसात नाव दे" म्हणून तिथेच पाड. इज एक्स्प्रेशनने ते कळतं. आणि एका फील्डवर दोन छापे लागले असतील तर? गेटयूडीएजची लांबी बरोबर एक हवी, हेही तिथेच बघून घे.

दुसरं: कंपायलर यूटीएफ-8 मध्ये बरोबर लिहितो, खिडकीला ते झेपत नाही. सीएचसीपी 65001 देऊन बघ, तरी काना-मात्रा विस्कटतीलच. आउटपुट फाईलमध्ये वळव आणि नोटपॅडमध्ये उघड.

सरकी_हिंगणघाट
आणि 4 जीबीवर कंपाईल करताना मशीन फुगलं तर डीएमडीला (डी चा कंपायलर) लोमेम हा पर्याय द्या. डीएमडी एरवी वेगासाठी घेतलेली मेमरी परत करत नाही, टेम्प्लेट वाढले की ते जाणवतं.

फील्डची नावंसुद्धा देवनागरीत ठेवता येतात डी मध्ये. 'ओलावा', 'दर' चालतात. मला आवडतं, पण सोबत काम करणाऱ्याला कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा येतो, ते तुमचं तुम्ही बघा.

संत्रापट्टा_वरूड
ओलाव्यालेबी असंच मर्यादेचं ॲट्रिब्यूट लाव न भाऊ. सीसीआयवाले (सरकारी कापूस खरेदीवाले) 8 टक्क्याच्या वर कपात करते अन 12 च्या वर घेतच नाई. आकडे फील्डच्या डोक्यावरच राह्यले तं शोधा लागत नाई.

कपाशीवाला_राळेगाव
हे भारी सुचवलं दादा. फक्त एक, मर्यादा कंपाईल होताना वाचली जाईल, ट्रॅक्टरमधला ओलावा मात्र काट्यावरच कळणार. म्हणजे आकडे ॲट्रिब्यूटमधून घेऊन तुलना चालू प्रोग्राममध्ये करावी लागेल. कपाशीचा ओलावा पुण्यात बसून कंपाईल होत नाही :)

काल रात्रीचं सांगतो. तपासणी स्ट्रक्टच्या खाली बोलावली, दोन्ही अटी घातल्या, कंपाईल दिलं. पडलं: "बारदाना फील्डला छापा नाही." मी चक्रावलो. बारदाना? मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी मालकाने पोत्यांचे पैसे वेगळे दाखवा म्हटलं होतं आणि आठवड्याने नको म्हटलं. फील्ड तसंच राहिलं होतं, दर पावतीत शून्य घेऊन. आणि त्याच्याच वाटणीला यादीतला तो 'शेरा' होता, तो उगाच पडलेला नव्हता. म्हणजे दोन वर्षं प्रत्येक पावतीच्या तळाशी 'शेरा 0' छापून जात होतं आणि कुणी एका शब्दाने विचारलं नाही. फील्ड काढून टाकलं. आज सकाळी एक्झी नेऊन टाकली, पहिला ट्रॅक्टर त्याच काकांचा होता. त्यांनी पावती उन्हात धरून तीनदा वाचली, हमालीच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि घडी करून टोपीत खोचली.