पंचगंगेवर मालबंदर हवे की नको?

रंकाळाकाठ : ‘वाराणसीला गंगेवर मालबंदर होते, मग पंचगंगेवर का नको,’ ही पोस्ट वाचून राहवले नाही. २०१८मध्ये तिथे रामनगरच्या धक्क्यावर कोलकात्याचे कंटेनर उतरले, हे खरे. पण धक्का आणि क्रेन म्हणजे बंदर नव्हे. हल्दिया ते प्रयागराज या १६२० किलोमीटरच्या मार्गात गाळ सतत सरकत असल्यामुळे गाळ उपसणारे ड्रेजर चालवावे लागतात, बांबूचे तट्टे रोवून प्रवाह एका अंगाला वळवावा लागतो, तेव्हा कोठे बार्जपुरते, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेपुरते, पाणी मिळते. आपल्याकडे पावसाळा सरला की बंधाऱ्यांना पाणी अडवणारे बरगे (फळ्या) लागतात आणि होडीचीही वाट बंद होते. या बंधाऱ्यांना राज्यभर कोल्हापूरचेच नाव आहे, एवढे तरी लेखकाला ठाऊक असावे.

गूळमार्केट : लेखक मीच. २०१९च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, तेव्हा माझ्या दोन गाड्या अडकल्या. गुळाच्या रव्यांना पाणी सुटून पाक ताडपत्रीखालून रस्त्यावर ओघळत होता. दोन हजार टनांची एक बार्ज शंभर ट्रकांचे काम करते. शिवाय १११ राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत पंचगंगा आहेच.

रंकाळाकाठ : ती पंचगंगावळी नदी, कर्नाटकात उडुपी जिल्ह्यातली! महामार्ग बुडवणाऱ्या पुरात आपला धक्का कोरडा राहणार होता काय? २०२२च्या उन्हाळ्यात जर्मनीत काउबजवळ ऱ्हाईन नदीचे पाणी उतरले, तर तिथल्या बार्जनाही अर्ध्याहून कमी माल घेऊन जावे लागले. आणि नदीने जातो तो कोळसा, राख, खडी. ज्याला घाई नाही असा माल. गूळ नव्हे.

घाटमाथा : आपण दोघेही चुकीच्या नदीवर भांडत आहात. कोल्हापूरचे नदीबंदर घाटाखाली, राजापूरला होते. भरतीच्या पाण्यावर गलबते खाडीतून आत येत आणि बैलांचे तांडे अणुस्कुरा घाटाने माल वर आणत. आमचे पणजोबा मिठाची गोणी याच वाटेने आणत. उतरताना बैल रिकामा गेला तर फेरी अंगावर येई, म्हणून ते आधी खाली न्यायचा गूळ ठरवत आणि मगच निघत. परतीच्या मालाचा हा हिशेब आपल्या पोस्टमध्ये कोठेच नाही. पुढे खाडी गाळाने भरली आणि राजापूर मागे पडले.

गूळमार्केट : पणजोबांचे बैल माझा गूळ पोहोचवणार नाहीत! कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे कागदावर, घाटात दरड, आणि आम्ही डिझेल जाळत मुंबईकडे जायचे.

रंकाळाकाठ : मग रेल्वेसाठी लिहा, सही पहिली माझी.

गूळमार्केट : ठीक आहे, पंचगंगा मागे घेतो. आपल्या बंधाऱ्यांना लखलाभ असो.