संत्र्याच्या ड्युटीचं परराष्ट्रमंत्री काही करू शकतो का?

काटोलवाला: आमची काटोलला बाग आहे, आंबिया बहाराचा माल आधी व्यापारी बांगलादेशला पाठवायचे. २०१९ ला तिथं किलोमागे २० टका (टका म्हणजे त्यांचा रुपया, टक्के नाही) आयात ड्युटी होती, ती वाढत वाढत २०२३ ला ८८ टका झाली, मग कोण घेते बाप्पा आपला संत्रा. बाबा म्हणून राहिले की परराष्ट्रमंत्र्यानं एक फोन केला तं काम होते. खरंच होते का? नाहीतर त्या माणसाचं काम नेमकं आहे तरी काय, विमानात बसणं अन् हात मिळवणं?

बर्डी_कट्टा: ड्युटी त्यांची आहे भाऊ, ते त्यांच्या बजेटमध्ये लावतात, आपला मंत्री हुकूम नाही देऊ शकत. अन् व्यापाराची बोलणी वाणिज्य मंत्रालयाकडे असतात. पण ढाक्यात आपलं जे उच्चायोग आहे (कॉमनवेल्थमधला देश म्हणून उच्चायुक्त, नाहीतर राजदूत म्हणले असते) ते परराष्ट्र खात्याचं, म्हणजे तिकडच्या सरकारच्या कानावर रोज घालणारा माणूस यांचाच. मंत्री भेटला की शंभर विषय असतात, पाणी, बॉर्डर, वीज, त्यात संत्रा कितव्या नंबरवर ठेवायचा हे तिथं ठरते. तेच खरं काम आहे, फोटो नंतरचा.

रामटेक_एक्स्प्रेस: नरसिंह राव १९८८-८९ ला परराष्ट्रमंत्री होते तेव्हा आपल्या रामटेकचेच खासदार होते बे, लोकं विसरून जातात. नेहरूंनी तं १९४७ पासून शेवटपर्यंत हे खातं स्वतःकडेच ठेवलं. अजूनही मोठं धोरण पीएमओतच ठरते असं माझं मत आहे, मंत्री ते पुढं नेते.

महालची_ताई: इतकंही पोस्टमन नका करू त्याला 😄 २०२२ ला युक्रेनमधून पोरं आणली तेव्हा शेजारच्या देशांत दुसऱ्या खात्याचे मंत्री पाठवले होते, पण दूतावास, कागदपत्रं, बसेस ही सगळी मांडामांड यांच्याच लोकांची. आणि आपला पासपोर्टही हेच खातं देते, माझ्या भाच्याला वाटत होतं पोलीस देतात.

काटोलवाला: म्हणजे निवेदन वाणिज्यवाल्यांच्या नावानं लिहू का?

बर्डी_कट्टा: मुख्य त्यांना, कॉपी परराष्ट्रला. अन् खासदाराला लोकसभेत लेखी प्रश्न टाकायला सांग, मंत्रालयाला उत्तर द्यावंच लागते. ड्युटीचे आकडे वर्षानुसार लाव, नुसतं "अन्याय होत आहे" नको लिहू.

काटोलवाला: बाबांनी पहिली ओळ तीच लिहून ठेवली आहे ना भाऊ.