रात्रीच्या वेणीवरून घरच्या ग्रुपवर

मी: बायांनो, आज मानेमागे लिंबाएवढा गुंता निघाला. अर्धा तास बोटांनी उकलला, शेवटी कात्री लावली 😭 काल रात्री नाहून ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घालून झोपले होते. कमरेएवढे केस घेऊन तुम्ही झोपता तरी कशा?

मोठी मावशी: अंबाडा घालून कोण झोपतं गं! डोकं धड टेकत नाही उशीवर. सैल तिपेडी वेणी घाल.

आई: आजी सांगतायत, मी टाईप करतेय. ‘ओले केस बांधून झोपलीस? सर्दी होईल. खोबरेल चोपड आणि घट्ट वेणी घाल, एक केस हलता कामा नये.’

वहिनी: आजी, सर्दीचं राहू दे, पण ओले केस बांधू नयेत हे शंभर टक्के बरोबर. आमच्या केमिस्ट्रीत सांगायचं तर केसातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात. म्हणून ओला केस जास्त ताणतो आणि पटकन तुटतो. वाळताना ते बंध पुन्हा जुळतात, त्यामुळे ओल्या वेणीच्या सकाळी लाटा पडतात. महिन्याला साधारण १ सेंमी धरलं तर तुझी टोकं ५-६ वर्षांची आहेत. इतकी वर्षं उशीवर घासलेला केस तो, फाटे फुटणारच.

मी: मग घालायची कशी?

वहिनी: आधी पूर्ण वाळव. मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून वर वर. मुळापासून ओढलास तर गुंता खाली सरकून घट्ट होतो. मग मानेशी पहिले दोन-तीन पेड इतके सैल ठेव की बोट आत गेलं पाहिजे. खाली नेहमीसारखी. टोकाला साधं रबर नको, कापडी लाव. आणि झोपताना वेणी उशीवरून मागे टाक, पाठीखाली आली की कूस बदलताना हिसका बसतो.

धाकटी मामी: आमच्यासारख्या कुरळ्यांचं काय? वेणीने सगळं कुरळेपण मोडतं. मी पार माथ्यावर गोळा करते, कापडी रबर एकदाच फिरवून. पोरं अननस म्हणतात 🍍

मोठी मावशी: आजीच्या घट्ट वेणीचा प्रताप म्हणजे माझं कपाळ. कानशिलावरचे केस गेले ते गेलेच.

आई: आजी: ‘शाळेत सैल वेणी चालत नव्हती. बाई वर्गाबाहेर उभं करायच्या.’

वहिनी: ताणाने केस जातात हे खरंय. लवकर थांबवलं तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढलं तर मूळच मरतं. खोबरेलाबाबत मात्र आजी जिंकल्या. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी जातात. २००३ मध्ये सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलशी ताडून पाहिलं होतं. अर्थात संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते 😄 आणि कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका, वाढतो.

दादा: माझ्या उशीला सॅटिनचा अभ्रा कोणी घातलाय? रात्रभर उशी पळत होती.

वहिनी: मी. सुती अभ्र्यावर केस घासतात.

मोठी मावशी: सॅटिन हे विणीचं नाव, कापड बहुतेक पॉलिएस्टरच. आमच्याकडे उकाड्यात मान भिजते. त्यापेक्षा खरं रेशीम घ्या.

मी: आई, कपाटातली ती फाटकी गर्भरेशमी?

आई: लग्नातली आहे ती माझ्या.

मी: पंधरा वर्षं नेसली नाहीस.

आई: आजी हसतायत.

आई: उशीचं माप पाठव. काठ मात्र मला परत हवेत.