पानवलचा पूल, भर पावसात

प्रश्न: जुलैत एकटाच कार घेऊन रत्नागिरीला निघतोय. पानवल नदीवरच्या ६४ मीटर उंच रेल्वे पुलावरची गाडी कॅमेऱ्यात टिपायची आहे. काय सांभाळू?

उत्तर १: पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. जुना तक्ता धरून बसलात तर हुकलीच म्हणून समजा.

उत्तर २: एसीतून काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं, पुसलं तरी पुन्हा येतं. पोचण्याच्या वीस मिनिटं आधी एसी बंद, काचा खाली. दुरून शटरचा वेग १/५०० सेकंद पुरे, जवळून १/१००० हवाच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, १६०० बिनधास्त. समोरून घेताना इंजिनाच्या दिव्याने कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, फ्रेम काळी पडते. कॅमेरा मॅन्युअलवरच ठेवा, प्रकाश स्वतः ठरवा.

उत्तर ३: आणि रुळांवर, पुलावर पाऊल नकोच! दरीसकट दुरून घ्या, उंची तिथूनच कळते.